पेढे वाटून झालेली गाठ

३ मार्च
गाठ कॅन्सरची नाही. लातूरच्या डॉ. शिवमूर्तींनी बायोप्सीचा रिपोर्ट दोनदा वाचून सांगितलं. कमरेच्या हाडात, खुब्याच्या वाटीच्या अगदी वर, लिंबाएवढी. साधी आहे.
पुढेही ते बरंच बोलले. साधी असली तरी हाड आतून पोखरते, महिन्याभरात खरवडून काढू, पोकळीत हाडाचा चुरा भरू, तोवर त्या पायावर जोर नको, वाटी फुटली तर सांधाच बदलावा लागेल. डॉक्टर लोकांना बोलावंच लागतं. मुद्दा पहिल्या वाक्यातच आला होता.
येताना अहमदपूरला पेढे घेतले.

४ मार्च
कंधारला आल्यावर सगळ्या गल्लीत पेढे वाटले. शेजारच्या सरजाबाईंनी दोन घेतले आणि रडल्या. म्हणाल्या, धम्मानंद, लेकरा, आता जीव भांड्यात पडला.
महामाया आत भांडी आपटत होती. बायकोचं म्हणणं, ऑपरेशनचं कुणाला बोललात का. कसं बोलणार? समोरच्याच्या तोंडात पेढा होता.

११ मार्च
पाय ठणकतो. पण माझी नोकरी बसस्थानकात कंट्रोलरची. खुर्चीत बसून माइकवर गाड्या पुकारायच्या. हाडाला आरामच आहे.
ऑपरेशन जयंतीनंतर. चौदा एप्रिलला माझ्याशिवाय लेझीम पथक निघत नाही. महामायाला हे सांगितलं. म्हणाली, पथक निघतंय हो, तुमचाच पाय उचलंना.

१९ मार्च
लंगडणं लोकांच्या लक्षात आलं. मणक्यात गॅप आहे असं सांगतो. आमच्याकडे गॅप म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही, प्रत्येकाला असतो. सरजाबाईंनी मात्र विचारलं, मग आमी पेढे कशाचे खाल्ले?
उद्यापासून दुसऱ्या गल्लीने जाणे.

२ एप्रिल
लातूरहून डॉक्टरांचा फोन. दिलेली तारीख गेली म्हणाले. मी घरी नाही असं सांग, म्हणून महामायाला खुणा करत होतो. ती म्हणाली, सर, हितंच हायेत, हात हलवून राहिलेत.
शेवटी मीच बोललो. जयंती झाली की लगेच येतो. डॉक्टरांनी फोन ठेवला. म्हणजे पटलं असावं.

५ एप्रिल
निश्चय. यंदा बैठक मारायची नाही. उभं राहून फक्त शिट्टी. खाली बसायचे प्रकार पथकातला अश्वजित घेईल.

१३ एप्रिल
शेवटचा सराव. अश्वजितची बैठक अर्धवट. वर मलाच म्हणतो, मामा, तुमी बसा की. स्वतः प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला होता. मागे ठेवायला लावली.

१४ एप्रिल
मिरवणूक पुतळ्यापाशी आली. अश्वजितची बैठक पुन्हा अर्धवट. एकदाच करून दाखवावी म्हटलं.
बैठक उत्तम झाली. उठता आलं नाही. आत काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. हलगीमुळे बाकी कुणाला ऐकू गेला नसावा.
अश्वजितने ती खुर्ची आणली. चौघांनी मला तिच्यासकट उचललं.

१६ एप्रिल, लातूर
वाटी फुटली. डॉक्टर म्हणाले, खरवडून भागलं असतं. आता गाठही काढायची आणि सांधाही बदलायचा.
मी विचारलं, गाठ अजून साधीच आहे ना?
म्हणाले, हो. गाठ साधीच आहे.
महामाया खिडकीपाशी उभी होती. इथे भांडी असती तर बरं झालं असतं.

१८ एप्रिल
या जागी रक्त फार जातं, बाटल्या आधीच तयार ठेवा, असा निरोप होता. गल्ली जीप करून आली. सरजाबाईंनी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, येड्या, ऑपरेशन हाय म्हणून सांगितलं असतंस तरी पेढे खाल्लेच असते की आमी.
एक्स-रेला नेताना पथक दिसलं. रक्त द्यायला रांगेत उभं होतं. रांग वाकडी. महामायाकडे शिट्टी मागितली. तिने ती अश्वजितला देऊन टाकली आहे.
संध्याकाळी डॉक्टर आले. बराच वेळ बोलले. या खेपेला शेवटपर्यंत ऐकलं.
उद्या सकाळी ऑपरेशन. पुढे तीन महिने त्या पायावर जोर नाही.