गिअरबॉक्स पाठवू नकोस

भुईगाव,
१२ ऑगस्ट २०२५

प्रिय हृतिक,

प्रभूच्या कृपेने इकडे आम्ही बरे आहोत, तूही कुवेतच्या उन्हात तब्येत सांभाळून असशील. पत्र बघून हसू नकोस. तुझा फोन लागला की पप्पा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकरवर टाक म्हणतात, म्हणून हे सेलिनच्या हाती देते आहे. ती शुक्रवारी तिकडे परत चालली आहे. तिच्याकडे सुके बोंबीलही दिलेत, ते एकट्याने संपवू नकोस.

केळी यंदा बरी आहेत. मागच्या गल्लीत कुणीतरी पुन्हा कुंपण पुढे सरकवलंय, त्यावरून रोज तोंडातोंडी चालू आहे.

आता गाडीचं. तू तिकडे शोधून ठेवलेला गिअरबॉक्स पाठवू नकोस, तो बदलायचा नाही. आणि मेकॅनिक जयरामला फोन करून जरा गोड बोल. मागे त्या बिचाऱ्याला तू फोनवर लुटारू म्हणालास, तेव्हा मी शेजारीच उभी होते.

गाडी चालता चालता मरगळते, धक्के देते, ही पप्पांची तक्रार. जयरामने चंदनसारच्या गॅरेजात सेन्सर बदलला, थ्रॉटल साफ केला, गिअरचं ऑइल नवीन घातलं. मग तो स्वतः चालवून आला, मीही चालवली, कुठे काही नाही. पप्पा बसले की पुन्हा तेच. तू म्हणालास, त्याला ऑटोमॅटिक गाडीतलं काही कळत नाही. खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं.

शेवटी जयराम स्कॅनर जोडून पप्पांच्या बाजूला बसला, मी मागे. समुद्राच्या रस्त्याला लागलो आणि गाडी अडखळली. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ॲक्सिलरेटर दाबलेला आणि ब्रेकही दाबलेला. दोन्ही एकदम दाबले की ही गाडी आपणहून इंजिनचा जोर कमी करते, म्हणाला. मग त्याने पप्पांना हळूच विचारलं, काका, डावा पाय ब्रेकवर आहे का?

"नाय रे बाबा. पाय खाली हाय माझा."

मी वाकून पाहिलं. पाय ब्रेकवरच होता. चप्पल निघून बाजूला पडली होती.

जन्मभर भाजीचा टेम्पो चालवला, डाव्या पायाची क्लचची सवय जात नाही, असं म्हणून मी हसलेसुद्धा. पण घरी त्यांनी पाय धुतले तेव्हा अंगठ्याखालची जखम दिसली. पिकली होती, आणि त्यांना पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, शुगरमुळे डाव्या पायाची जाणीव गेली आहे, उजव्याचीही कमी होते आहे. जखम आता भरत आली आहे, घाबरू नकोस. पण गाडी पुन्हा चालवायची नाही, असं त्यांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं.

मी ते पप्पांना सांगितलं नाही, हृतिक. मम्मी गेल्यावर ते घराबाहेर पडत नव्हते. तू ही गाडी घेऊन दिलीस, तेव्हा माणसात आले. दर रविवारी फिलोमिना मावशीला आणि तिच्या मैत्रिणींना चर्चमध्ये मिसाला नेतात, इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी तयार. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून खोटं बोलले. गिअरबॉक्स गेलाय, हृतिक तिकडून पाठवतोय, तोवर गाडी जयरामकडेच राहील, असं सांगितलं. सगळं तुझ्यावर ढकलून मी मोकळी झाले. माझ्यावर रागाव हवं तर, पण तूच ये आणि त्यांना सांग. माझ्याच्याने होत नाही.

इथवर काल लिहिलं होतं. आज सकाळी पप्पा आले आणि गाडीची दुसरी किल्ली माझ्यासमोर ठेवली. सेलिनबरोबर हीपण पाठव म्हणाले. कशाला म्हणून मी विचारलं.

"गिअरबॉक्स गेला नाय, मला ठाव हाय. पायातली चप्पल गेली ती कळली नाय, तवाच समजलो. पोराला सांग, तू दिलेली गाडी चांगली हाय. नाताळला ये नि तू चालव. मी बाजूला बसतो."

मी रडत बसले आणि तेच माझ्यासाठी चहा ठेवायला गेले.

किल्ली याच पाकिटात आहे. रजेचा अर्ज आजच दे. फोनवर त्यांना काही विचारू नकोस, फक्त येतो म्हण.

तुझी वाट पाहणारी,
तुझी ताई,
ॲंजेला