नाक शाबूत आहे

३ डिसेंबर, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्यावर माणसाची शिस्त सुटते म्हणतात. माझी सुटणार नाही. सर्दी गेली. बारा दिवस छळलं, पण आता दोन्ही नाकपुड्या मोकळ्या, श्वास खणखणीत. फक्त चहात आलं नव्हतं. अलका म्हणते, घातलं होतं. अडतीस वर्षांच्या संसारात बायको पहिल्यांदाच माझ्याशी खोटं बोलली.

५ डिसेंबर
वरणाला चव नाही. वांग्याच्या भाजीला चव नाही. मीठ कळतं, तिखट कळतं, बाकी शून्य. फोडणीत हिंग टाकत जा म्हटलं, तर अलकाने हिंगाची डबीच समोर आदळली. डबीलाही वास नाही! संकल्प: अन्नातल्या भेसळीबद्दल कलेक्टरसाहेबांना कडक पत्र. मसुदा उद्या.

८ डिसेंबर
पत्र राहिलं. यादी मात्र वाढली: हिंग, आलं, अगरबत्ती, फिनाइल, अलकाचं केसांचं तेल. तेलाचं बोलायला नको होतं. ब्रँड बदललास का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, लग्नापासून हेच लावते. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. तो वास मला आवडायचा. कंपनीने माल हलका केला असणार.

११ डिसेंबर, दुपारी
मोबाइलवर शास्त्रीय माहिती वाचली. एकाच वासात राहिलं की मेंदू त्या वासाची दखल घेणं सोडून देतो. म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो. सगळा उलगडा झाला! एकतीस वर्षं धान्य तपासणीच्या नोकरीत या नाकाने इतकं हुंगलंय की किरकोळ वासांकडे ते आता लक्षच देत नाही. नाक गेलेलं नाही. नाकाला प्रमोशन मिळालंय.
खात्री म्हणून बाम हुंगला. झणझणलं, डोळ्यांत पाणी आलं. शाबूत!

१७ डिसेंबर
आज नाकाला साजेसं काम आलं.
खैरलांजीकडची विमलाबाई सकाळच्या बसने आली. चिन्नोर, म्हणजे आमच्याकडचा सुवासाचा तांदूळ, खरा की खोटा हे बघायला बालाघाट जिल्ह्यात माझ्याकडे यावं लागतं, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो. तिच्या सासूच्या काळापासूनचं चिन्नोरचं बियाणं तिने जपलंय. भोवतालच्या गावांत सगळ्यांनी नवीन धान लावलं, जुनं अस्सल आता हिच्याकडेच. यंदा मळणीत तिच्या नवऱ्याने, भैयालालने, घोळ घातला. एका कोठीत अस्सल धान, दुसरीत मिसळ झालेलं, आणि कोणत्या कोठीत कोणतं हे तोच विसरला. एक कोठी बियाण्याला ठेवायची. दुसरी भरडून मुलीच्या, मयुरीच्या, लग्नात शिजवायची. लग्न १२ फेब्रुवारीला. दोन्ही कोठ्यांचा नमुना आणला होता: एक लाल पोटली, एक पांढरी.
माझी पद्धत ठरलेली. दाणे तळहातावर चोळून सोलायचे, तोंडाची गरम वाफ द्यायची, मूठ मिटायची, तीन मोजायचे, नाकाशी उघडायची.
लाल: काही नाही. पांढरी: काही नाही.
डोळे मिटून बसलो. जाणकार माणूस घाई करत नाही. मग परीक्षा घ्यावी म्हणून तिलाच विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, लाल पोटलीले भल्ली बास हाय जी.
झालं! एकतीस वर्षं हिंदी ऑफिसात काढली आहेत. गोदामात पोतं सडलं की 'बास आ रही है' म्हणायचे. बास म्हणजे घाण. निकाल दिला: पांढरी बियाण्याला, लाल लग्नाला. लाल पोटली तिने दोनदा नाकाशी नेली. मग म्हणाली, तुमी म्हंता तं तसंच असंल जी, आमच्या नाकात तं चुलीचा धूरच भरला हाय. खेड्यातली माणसं, पण ज्ञानाची कदर आहे.
उरलेले दाणे चिमण्यांना टाकले. तेवढ्यात अलका देवळातून आली आणि दारातच थबकली. म्हणाली, कसला छान सुवास येतोय, कोण आलं होतं? मी म्हटलं, अगरबत्ती. ती म्हणाली, अगरबत्ती तर संपली आहे.
विमलाबाईने केसांना काहीतरी लावलं असेल.

२९ डिसेंबर
लिहावंसं वाटत नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त. सकाळी गॅसवर दूध ठेवून पेपर वाचत बसलो, तिथेच, ओट्याशेजारच्या खुर्चीवर. दूध उतू जाऊन बर्नर विझला. अलका अंघोळ करून आली आणि किंचाळलीच. खिडक्या उघडल्या, सिलेंडर बंद केलं, मला दंडाला धरून अंगणात ओढलं. म्हणाली, घरभर गॅस भरलाय आणि तुम्ही त्यात बसून पेपर वाचताय! मग पायरीवर बसून रडली. ओले केस तसेच.
रेग्युलेटर बदलायला हवा.

२ जानेवारी
अलकाने कान-नाक-घसावाल्याकडे नेलं. पोरगेलासा डॉक्टर. तरी समजावून छान सांगतो. वास नाकपुडीत कळतच नाही म्हणे. नाकाच्या अगदी छतावर पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा असते. पदार्थाचे न दिसणारे कण हवेतून तिथवर जातात, तिथल्या ओलाव्यात विरघळतात, मग चाळणीसारखी भोकं असलेल्या हाडातून बारीक नसा ती खबर थेट मेंदूला देतात. जेवणाची चव म्हणतो तीही निम्म्याहून जास्त वासच. घास चावताना तो घशाच्या मागून वर चढतो. जिभेला फक्त गोड, खारट, आंबट, कडू असलंच कळतं. सर्दीच्या विषाणूने माझ्या छताची नासधूस केली आहे.
मी बामाचा पुरावा मांडला. तो हसला. झणझणणं ही वेगळी नस, म्हणाला, तिचा वासाशी संबंध नाही, ती मिरचीची नस. मला मिरच्याच झोंबल्या.
बरं कधी होणार? काही महिन्यांत येतो, म्हणाला, वर्षही लागतं. कधीकधी येत नाही. शेवटचं वाक्य तो कॉम्प्युटरकडे बघत बोलला, म्हणजे मला उद्देशून नसावं.
बाहेर आल्यावर अलकाने विचारलं, एवढ्यात कुणाचा तांदूळ बघून दिला नाहीत ना? मी म्हटलं, छे.

५ जानेवारी
डॉक्टरने व्यायाम दिला आहे. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाचा वीस सेकंद वास घ्यायचा आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. चार बाटल्या, चार लेबलं. टाइमटेबल भिंतीवर लावलं. इतरांना महिने लागतात, मी पंधरा दिवसांत उरकणार.

९ जानेवारी
चारपैकी चार! सकाळीही, संध्याकाळीही. लेबल वाचलं की वास लगेच ओळखू येतो.

१४ जानेवारी
अलकाने डोळ्यांवर पदर बांधून परीक्षा घेतली. चारपैकी एक. निलगिरी, तीही झोंबली म्हणून. पदर काढला तेव्हा ती हसत नव्हती. मी म्हटलं, पट्टीमुळे नाक दाबलं गेलं.
आज संक्रांत. स्वयंपाकघरात कामवाली मंजू अलकाबरोबर तीळ भाजत होती. ती म्हणाली, तिळाले काय बास सुटली हाय बाई! मी पेपर खाली ठेवला. विचारलं, तीळ खराब निघाले का? ती म्हणाली, काहून जी, चांगली बास हाय म्हंते ना मी. मग खराब असलं तर काय म्हणता? खराब असलं तं घान मारते म्हंतो.
लाडू खाल्ला. गोड होता.

१५ जानेवारी
मंजू किरनापूरकडची, विमलाबाई खैरलांजीकडची. बोलीत फरक पडतो.
तिळाची गोष्ट वेगळी, धानाची वेगळी.

१८ जानेवारी
धान भरडायला अजून वेळ आहे. तरी एकदा सहज चक्कर मारून लाल कोठी बघून यावी. बघायची म्हणजे अलकाला सोबत न्यायची. म्हणजे अलकाला सांगायचं. त्यापेक्षा फोन सोपा.

१९ जानेवारी
भैयालालला फोन लावला. लाल कोठीचं धान अजून आहे ना, एक दाणाही भरडू नको, मी चुकलो असेन, असं बोलायचं कागदावर लिहून ठेवलं होतं. तो एकदम खूश. म्हणाला, साहेब, मी तुमालेच फोन करून राह्यलतो, पहिली पंगत तुमच्याशिवाय बसनार नाई. मी म्हटलं, थंडी कशी आहे तुमच्याकडे? थंडी बरीच आहे म्हणाला.

२४ जानेवारी
फोन केला नाही. व्यायाम चालू. आज लवंगेचा वास आल्यासारखा वाटला. बाटली रिकामी होती, ही गोष्ट अलग.

२९ जानेवारी
खैरलांजीला जायला निघालोच होतो. बसमध्ये जागा नव्हती. खरं म्हणजे होती, पण खिडकीची नव्हती. या वयात वारा लागलेला बरा असतो. स्टँडवर चहा घेऊन परत आलो. अलकाने विचारलं, कुठे गेला होता? फिरायला.
स्वतःचीच लाज वाटते आहे. जेवलो नाही. जेवणात तसंही काही नसतं.

३ फेब्रुवारी
पक्का संकल्प: उद्या अलकाला सगळं सांगायचं आणि पहिल्या बसने जायचं. लग्नाला नऊ दिवस आहेत, भरडाई आठवडाभर आधी कोण करतं.

४ फेब्रुवारी
भैयालालचा फोन. लाल कोठी भरडून झाली. मिलवाल्याला लग्नसराईत दुसरी तारीख नव्हती. तांदूळ मोत्यासारखा उतरला, म्हणाला.
अलकाला आता सांगून काय उपयोग? उगाच तिला त्रास.
शिवाय मीच बरोबर असण्याची शक्यता आहे. दोन पोटल्या होत्या. निम्मी शक्यता.

१२ फेब्रुवारी
गावाच्या वेशीवर बसमधून उतरलो आणि अलका जागच्या जागी थांबली. अहो, म्हणाली. एवढंच. पुढे चाललेली बायामाणसंही हळू झाली होती. कुणी म्हणत होतं, चिन्नोर शिजून राह्यला. कुणी म्हणत होतं, माह्या आजीच्या घरी असा सुटे. सायकलवरचा एक म्हातारा उतरून नुसता उभा होता, डोळे मिटून. मी जोरात श्वास घेतला. थंड हवा आत गेली.
अलकाने विचारलं, तुम्ही बघून दिला होतात? मी म्हटलं, लग्नघर तिकडे दिसतंय.
मंडपात मला पहिल्या पाटावर बसवलं. विमलाबाईने स्वतः वाढलं. पत्रावळीवर भाताचा ढीग, वर वरण. सगळी पंगत माझ्या तोंडाकडे बघत होती. घास घेतला. गरम होता. मऊ होता. चांगलाय म्हणालो, तेव्हा कुठे लोक जेवायला लागले आणि जो तो भाताबद्दलच बोलू लागला. मयुरीचा सासरा चौथ्यांदा भात मागत होता.
विमलाबाईला हळूच विचारलं, या कोठीतलं धान थोडं मागे ठेवलंय का? ती म्हणाली, नाई जी, दाना नाई ठेवला. तुमी सांगितलं ना, शिजवून टाका म्हनून. चेहरा नुसता फुलला होता तिचा. मुलीचं लग्न, आणि सगळा गाव तिच्या भाताचं कौतुक करतोय. ती माझ्या पाटाशी टेकली आणि म्हणाली, माह्या मनात तवा शंका आलती साहेब, खोटं नाई सांगत. पन आज समजलं. तुमी टाकून देल्ला तोच एवढा बासाचा हाय, तं बिजाईले निवडला तो कसा असंल!
मागे भैयालाल वरणाची बादली घेऊन उभा होता. त्याने सांगितलं, बारा घरायनं बिजाई मागितली हाय जी, अख्ख्या गावात पुन्हा चिन्नोरच लावू म्हंते. सगळ्याले वाटतो. पांढऱ्या कोठीतला. बराबर ना साहेब?
अलकाचा हात घासावर थांबला होता. ती माझ्याकडे बघत होती.
मी म्हणालो, हौ.