क्लॉडहॉपर म्हणजे कष्टाळू

३ मार्च, सोमवार

क्लॉडहॉपर! माझ्या सख्ख्या बापाने माझ्या नवऱ्याला आज क्लॉडहॉपर म्हटलं. इडलीवर चटणी घेत, हसत हसत!

आमच्याकडे न्याहारीला एक इंग्रजी शब्द असतो — जुना, अडगळीतला, आता कुणी न वापरणारा. जन्मभर इंग्रजी शिकवलं ना आप्पाजींनी, त्याची हौस. लहानपणी जो अर्थ सांगेल त्याला पहिली कॉफी मिळायची. आता अर्थ विचारणं बंद. शब्द थेट जावयावर फेकायचा!

क्लॉडहॉपर म्हणजे ढेकळं तुडवणारा, गावंढळ. का? तर महांतेश निपाणीकडचा, कन्नड शाळेत शिकलेला, डिप्लोमा करून इलेक्ट्रॉनिक सिटीत मशिनवर उभा राहणारा. चपला घालताना त्याने विचारलं, "काय गं अर्थ त्याचा?" म्हटलं, "कष्टाळू." "मग बरं हाय की," म्हणाला आणि कंपनीची बस गाठायला पळाला.

माझी इडली ताटलीतच राहिली.

५ मार्च, बुधवार

पॉपिंजे. म्हणजे पोपटासारखा नटून मिरवणारा, आतून पोकळ. गुन्हा काय? कंपनीत पाहुणे येणार म्हणून महांतेशने नवा शर्ट घातला! अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं, "रुबाबदार." त्याने जरा वेळ माझ्याकडे बघितलं. "सरी, बरं," म्हणाला.

मग आप्पाजींना गाठलं. हिंमत असेल तर मराठीत बोला ना तोंडावर! तर म्हणतात, "स्वल्प गंमत केली गं. त्याला कुठे कळतंय?"

त्याला कुठे कळतंय! दिवसभर हेच डोक्यात. ऑफिसात दोघांवर उगाच खेकसले.

६ मार्च

आज शब्द नाही. आप्पाजींचा ऑपरेशनचा डोळा ठणकतोय म्हणे. ठणकू दे!

९ मार्च, रविवार

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आप्पाजींच्या डोळ्यांत औषध घालतो महांतेश. पोटची मुलगी मी, पण मला ते जमत नाही. भाड्याचं घर सोडून इथे आप्पाजींकडे राहायला यायचं हेही त्याच्याच मनातलं — "मामांना एकटं कसं सोडायचं?"

आणि आज? आतेबहीण सौम्या आली होती. मान वर करून थेंब घालून घेताना आप्पाजी तिला म्हणतात, "बघ, माय फेथफुल लिकस्पिटल!" ती फिस्सकन हसली. महांतेशही हसला. लिकस्पिटल म्हणजे दुसऱ्याची थुंकी चाटणारा. सेवा करून घ्यायची आणि वर हे! लाज नाही वाटत?

त्याने नेहमीसारखं विचारलं. मी "सेवाभावी" म्हणाले. तोंडाला घाण चव आली. ह्यांनी शिव्या द्यायच्या आणि मी त्यांवर साखर पेरत बसायचं! एचएसआर भागात आमचं वेगळं घर बघणार. बस्स झालं.

११ मार्च, मंगळवार

फुटले आज!

शब्द होता मूनकाफ. आप्पाजी महांतेशकडे बघून तोंड भरून हसले आणि माझं डोकंच फिरलं. ओरडले — "मूनकाफ म्हणजे जन्माचा खुळा! लिकस्पिटल म्हणजे थुंकी चाटणारा! क्लॉडहॉपर म्हणजे गावंढळ! सांगा त्याला, तुमच्या तोंडाने सांगा!"

"कावेरी, अगं त्याच्यासमोर..."

"त्याच्यासमोरच!"

आप्पाजींची मान खाली गेली. एवढी वर्षं वर्गांवर डाफरलेला माणूस ताटली चिवडत बसला. मी सांगून टाकलं, आम्ही घर सोडतोय. महांतेश डबा उचलून कामावर गेला. किती लागलं असेल त्याला! आल्यावर नीट समजावेन. पण छाती मोकळी झाली. एकदाचं झालं!

११ मार्च, संध्याकाळ

"सगळे अर्थ मी बसमध्ये बघितलो होतो," महांतेश म्हणाला. "पहिल्या दिवसापासनं. मोबाइल हाय की माझ्याकडं."

मग मला रोज का विचारायचास?

"तू खरं सांगतीस काय, ते बघत होतो. मामा मला अडाणी समजतात, ते ठाऊक हाय. तूबी समजतीस, ते ठाऊक नव्हतं."

तो गच्चीवर गेलाय. मी जिन्यातच बसलेय.