न अडकणारी किल्ली

३ मार्च
फर्मान निघालं! प्रत्येक घराने दाराची एक किल्ली सुरक्षा कार्यालयात जमा करायची. मुदत महिनाअखेर. पुलावर स्फोट झाला, अकरा माणसं गेली, ते वाईटच झालं. पण स्फोट पुलावर आणि कुलूप आमचं, हे माझ्या डोक्यात काही शिरेना.

लेक संध्याकाळी येऊन गेली. "मी नाही देणार, बाबा." मी म्हटलं, "शाबास!" शाबास म्हणायला काय जातं?

बायको भडकली. "दुकानात बसून टिंगल करायला सोपं असतं. माझा भाऊ रोज त्याच पुलावरून जातो."

५ मार्च
माझ्या किल्ल्यांच्या दुकानासमोर ही रांग! सगळ्यांना डुप्लिकेट हवी. पहिला नंबर वरच्या मजल्यावरच्या तोफेचा. निवृत्त हेडक्लार्क, सकाळी गॅलरीत उभं राहून देशाविषयी गडगडतात म्हणून तोफ. "मला काय लपवायचंय? आधी देश, मग दार!" रांगेने टाळ्या वाजवल्या. मी कानस चालवत राहिलो.

७ मार्च
तोफ परत आली. या वेळी मागच्या दाराने, आवाज अगदी बारीक. "कपाटाला लावायला एखादं भक्कम कुलूप आहे का हो? हुकूम फक्त घराच्या दारापुरता आहे ना?"

दिलं. पाठोपाठ बाकीची रांगही आली, एकेक करून, मागच्याच दाराने. पेटीला, खणाला, ट्रंकेला. दुकानातली छोटी कुलपं संपली. लपवण्यासारखं काही नसलेल्या माणसांना किती कुलपं लागतात!

११ मार्च
शिंपीणबाई काउंटरवर वाकून कुजबुजल्या, "अशी करा ना, दिसायला किल्ली, पण लागायची नाही."

मी ताठ झालो. "बाई, न लागणारी किल्ली या दुकानातून बाहेर पडत नाही." किल्ली झाली की तिच्या डोक्यावर कानशीने दोन बारीक खाचा मारायच्या, ही माझ्या वडिलांची पद्धत. दोन खाचा म्हणजे आमची किल्ली. अडकणार नाही, कुरकुरणार नाही.

घरी ऐटीत सांगितलं. बायको म्हणाली, "बिचारीला एक दाता चुकवून दिला असता तर नाक कापलं गेलं असतं का तुमचं?"

हो. गेलं असतं!

१४ मार्च
सुरक्षा कार्यालयातून बोलावणं. गेलो तर काय — त्यांचंच कुलूप अडकून बसलेलं! सगळ्या वस्तीच्या किल्ल्या आत आणि साहेब बाहेर, फाइल डोक्यावर धरून उन्हात. हसू दाबता दाबता जीव गेला. उघडून दिलं.

आत भिंतभर खिळे. आमची घरं ओळीने टांगलेली. मी विचारलं, "साहेब, या दाराची डुप्लिकेट कुठे जमा केलीत?"

"आमची? आमची कशाला?"

"नाही, सहज."

२० मार्च
नाक्यावर फळा लागला. किल्ली अजून न दिलेल्यांची नावं. एकूण तेरा. आठवं आमच्या लेकीचं.

२१ मार्च
तिच्याकडे जाऊन आलो. ती शाळेत शिकवते, शाळेमागेच राहते, आणि शाळा सुटली की घरी अर्ज लिहीत बसते. कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा चौकशीला नेला आणि परत आला नाही की त्या बायका तिच्याकडे येतात. नावं-पत्ते एका निळ्या वहीत.

मी म्हटलं, "अगं, खिळ्याला टांगायची आहे नुसती. तुझ्याकडे कोण कशाला येतंय?"

"कुणी येणारच नसेल तर किल्ली हवी कशाला?" मग म्हणाली, "बाबा, त्या बायका दार बंद असतं म्हणून बोलतात."

चहा पिऊन उठलो.

२८ मार्च
फळ्यावर आता चारच नावं, त्यात लेकीचं. बेकरीवाल्याचं पुसलं नाही, पण बेकरी तीन दिवस बंद आहे. त्याची बायको लेकीच्या पायरीवर बसलेली दिसली.

मला टिंगल सुचत नाहीये.

३० मार्च
केलं.

लेकीची एक किल्ली आमच्याकडे खिळ्याला असते. ती गावाला गेली की मी तिच्या कुंड्यांना पाणी घालतो. ती किल्ली काढली आणि दुकानात नेली. तिला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मनात होतं, डुप्लिकेट करताना एक दाता मुद्दाम जास्त घासायचा. फळ्यावरून नाव जाईल आणि दारही बंद राहील. काय डोकं चालवलं, वा! कानस टेकवली. हात हलेना. चाळीस वर्षं जो हात बरोबरच घासत आला, तो चुकीचं घासायला तयार होईना. स्वतःला बजावलं, उद्या त्यांनी लावून पाहिली आणि लागली नाही तर लेकीवरच येईल. हे कारण खरं होतं. पण किल्ली झाल्यावर सवयीने दोन खाचाही मारल्या, त्याला काय कारण?

फॉर्मवर रकाना होता, जमा करणाऱ्याचं नातं. लिहिलं, वडील.

तोफेला हसत होतो मी. तोफेने निदान स्वतःची दिली.

३१ मार्च
तिचं नाव पुसलं. दुपारी गाढ झोप लागली.

९ एप्रिल
साहेब दुकानात आले, एकदम खुशीत. "काका, मानलं तुम्हाला! बाकीच्या दुकानांच्या किल्ल्या अडकतात, दार हलवावं लागतं, गल्ली जागी होते. काल तुमची लावली — आवाजसुद्धा नाही! बाई आत चहा गाळत होत्या. आम्ही मागे जाऊन उभे राहिलो तरी पत्ता नाही!"

मी सुखावलो. इथे खोटं कशाला लिहू? छाती फुगली.

मग विचारलं, "कुठलं दार?"

"शाळेमागचं. एक निळी वही हवी होती, मिळाली."

१० एप्रिल
लेकीला सहा तास बसवून घेतलं आणि सोडलं. वहीतल्या सतरा जणींपैकी पाच जणींना बोलावणं गेलंय. बेकरीवाल्याची बायको त्यात आहे.

लेक आली. आत आली नाही, उंबऱ्याशीच उभी राहिली. मला वाटलं ओरडेल, रडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली होती, बाबा. दोन खाचा होत्या."

"अगं, मी तुझ्यासाठीच —"

"माहीत आहे," म्हणाली, आणि गेली.

बायको माझ्याकडे बघत राहिली.

१७ एप्रिल
लेक चार दिवस कुणाच्या तरी अर्जासाठी बाहेरगावी गेलीय, असं शेजारणीकडून कळलं. पाणी घालायला गेलो. आमच्या खिळ्यावरची किल्ली लागली नाही.