पुढच्या चाकाची करकर

३ मार्च, रविवार. सकाळी ९
बायको तिच्या बहिणीकडे गेली त्याला आज तेवीस दिवस झाले. हवापालटासाठी गेली आहे. तीन बॅगा नेल्या, पण सायकल इथेच आहे. ज्याला परत यायचं नाही तो सायकल ठेवून जाईल का?

काल फोनवर म्हणाली, पुढच्या रविवारी सायकल न्यायला येते. बोलायची पद्धत असते एकेकाची.

निश्चय : तोवर पुढचं चाक स्वतःच्या हातांनी ठीक करायचं. सहा वर्षं करकर वाजतंय, कोपऱ्यावरून ऐकू येतं. ती दर महिन्याला सांगायची, मी दर महिन्याला म्हणायचो, रविवारी बघतो. तर हा तो रविवार. व्हिडिओ आठ मिनिटांचा आहे. मला तासभर पुरे.

दुपारी १
नट निघाला. कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा शंकू, निघाला. मग छर्रेही निघाले, सगळे एकदम. एका बाजूला दहा असतात. नऊ सापडले.

दुपारी ३
कपाट सरकवलं. छर्रा नाही, तिची निळी क्लिप मिळाली. ही मीच फेकली म्हणून दोन दिवस अबोला धरला होता! मी निर्दोष आहे हे सांगायला लगेच फोन केला. उचलला नाही. कामात असेल.

४ मार्च, सोमवार
सायकलवाल्याकडे एक छर्रा मागितला. म्हणाला, सगळेच बदला साहेब, जुन्यांत एकच नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो. दुकानदारी, दुसरं काय! तरी वीस घेतले. म्हणाला, चाक आणा, पंधरा मिनिटांत करून देतो. म्हटलं, घरचं काम आहे. तर म्हणतो, मग वहिनींनाच विचारा की. आगाऊ माणूस.

६ मार्च, बुधवार. दुपारी १२
ऑफिसला पोटदुखी कळवली. छर्रे बसतात ते चाकातले कप पुसले, ग्रीस भरलं, छर्रे बसवले, कोन पिळून घट्ट केला. ढिलं काम मला मुळात खपत नाही. चाक आता फिरत नाही. पण करकर थांबली, हेही लक्षात घ्यायला हवं.

संध्याकाळी ६
सैल केलं तर चाक डगडगतं. घट्ट केलं तर अडतं. मधोमध बरोबर जमलं, की वरचा नट आवळताना कोन पुन्हा फिरतो. तो धरायला पातळ पाना लागतो. माझ्याकडे पक्कड आहे. पक्कड घसरली, अंगठा सोलवटला. अकरा वेळा केलं. मग फरशीवर बसून थोडा रडलो. अंगठ्यामुळे.

९ मार्च, शनिवार
उद्याचा बेत : आधी चहा, मग क्लिप, मग चाक. चाक बघून ती बॅगा आणायला जाईल. डगडगतंय अजून, पण मेहनत दिसतेच माणसाला.

१० मार्च, रविवार. दुपारी १२
आली. चहा नको म्हणाली. चाक एका बोटाने हलवून पाहिलं आणि पिशवीतून पातळ पाना काढला. खाली बसून नट सोडवला, कोन किंचित मोकळा केला, एका हाताने तो धरून दुसऱ्या हाताने नट आवळला. दहा मिनिटं. मी चाक धरायला पुढे झालो तर म्हणाली, राहू दे. रागावून म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

विचारलं, हे कधी शिकलीस? म्हणाली, चार वर्षं झाली, सायकलवाल्याकडे. मागचं चाक तेव्हाच केलं मी. मग पुढचं का नाही केलंस? तर म्हणाली, पुढचं तू करतो म्हणाला होतास ना.

मी क्लिप पुढे केली. म्हणाली, अरे, केस कापलेत मी. खरंच कापले होते. चांगले कानापर्यंत. अर्धा तास समोर होती.

दुपारी ४
सायकलवर बसून गेली. खिडकीतून बघत राहिलो. चाकाचा जरासुद्धा आवाज नाही.

सहा वर्षं ती कोपऱ्यावर वळली की करकर ऐकून मी चहाचं आधण ठेवायचो. हे तिला कधी सांगितलंच नाही. तिला वाटायचं, चहा आपोआप तयार असतो.

ती परत येणार नाही. एकदा लिहून ठेवतो.

आणि आलीच, तर आता ऐकू येणार नाही. दार उघडं ठेवून बसलोय. उकाडा फार आहे.