चौदा तव्यांचा हॅरो

प्रिय योगराज,

फोनवर बोलले असते तर मधेच रडू आलं असतं आणि तू 'आवाज येत नाही' म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून लिहून राहिले. डावा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. कागद सरकू नये म्हणून त्यावर वाटी ठेवली आहे, तेव्हा अक्षर समजून घे.

इकडे धानाची चुरणी-मळणी आटोपली. बाबांचे गुडघे तसेच आहेत, पण जेवण बरं आहे. मी सासर सोडून आले त्या वर्षी तूच म्हणाला होतास, 'ताई, शेत तू पाह्य, मी नागपुरात निर्धास्त राहतो.' तेव्हापासून मी दुसऱ्या कशाचा विचारच केला नाही.

दिवाळीनंतर तू पाठवलेला, ट्रॅक्टरमागं लावून ढेकळं फोडायचा हॅरो पिकअपमधून उतरला, तेव्हा बाबांनी काठी टेकत येऊन स्वतः हळदकुंकू लावलं. 'पोरानं बहिणीसाठी पाठवला,' हे त्यांनी अर्ध्या गावाला सांगितलं. मीही शेजारच्या पुष्पाबाईजवळ मिरवून घेतलं. पण तवे मोजले आणि मनात खुटखुट झाली. चौदा! आपला ट्रॅक्टर पंचवीस हॉर्सपॉवरचा, तोही म्हातारा. तुला लगेच फोन केला. तू हसलास. 'कायले भिऊन राहिली, ताई? मी विचारूनच घेतला.' तू विचारलं म्हणालास, म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही.

तळ्याकडच्या धानाच्या बांधीत तो ओढताना इंजिन धापा टाकत होतं. हॅरो उचलून ट्रॅक्टर बांधाच्या धुऱ्यावर चढवला तशी पुढची दोन्ही चाकं वर गेली. समोर नुसतं आभाळ दिसत होतं. क्लच दाबला म्हणून ट्रॅक्टर उलटला नाही, पुढून दाणकन खाली आदळला. स्टिअरिंग गर्रकन फिरलं आणि मनगट गेलं. तू रातोरात दवाखान्यात आलास, संत्रं सोलून भरवलंस, रडलास. मीच तुला थोपटलं, आठवते? जाताना म्हणालास, 'आता बस झाली तुझी शेती.' मला वाटलं, मायेनं म्हणतो आहे.

हॅरो बदलून घ्यायला आपल्या गड्याला, गुणवंताला सोबत घेऊन मी अर्जुनीला गेले. दुकानदार चुन्नीलाल माझा हात पाहून खालीच पाहत राहिला. मग म्हणाला, "बाई, मी तं त्याइले आठ तव्यांचाच सांगतलो होतो. एवढ्या वजनानं लहान ट्रॅक्टर पुढून उठते, हेबी सांगतलो. ते म्हणाले, मोठाच दे. एक हंगाम ट्रॅक्टर बंद पडून बसला का ताईबी घरी बसते. मले वाटलं, गंमत करून राहिले."

गुणवंता मला हात धरून बाहेर घेऊन आला.

आता आठ तव्यांचा आणला आहे. पुढच्या बंपरला वजनंही लावून घेतली. गुणवंता चालवतो, मी धुऱ्यावर उभी राहून पाहते. ढेकळं फुटायला हॅरोची एक पाळी जास्त लागते, पण ट्रॅक्टर कुरकुरत नाही. अर्ध्या बांध्यांत हरभरा पेरून झाला.

काल बाबा म्हणाले, रविवारी तू प्लॉटवाल्या माणसाला घेऊन येणार आहेस. सडकेकडची जमीन त्याला विकायची, आणि 'ताईचीच तशी इच्छा आहे' असं तू त्यांना सांगितलंस. त्यासाठी हे पत्र. त्या माणसाला आणू नको. एकटा ये आणि चुन्नीलालला जे बोललास ते बाबांसमोर बसून स्वतःच्या तोंडानं सांग. मी अजून त्यांना काही सांगितलं नाही. तू आला नाहीस तर सांगेन. तुला हिस्सा पाहिजे होता तर मागायचा होतास, मी कधी नाही म्हटलं होतं का? ट्रॅक्टर बसावा असं तुला वाटलं, तेही मी एखादवेळी गिळलं असतं. पण त्या सीटवर मीच बसणार, हे तुला ठाऊक होतं ना रे.

अजून तरी तुझीच,
उर्वशीताई