दोरीवरचा लाल टॉवेल

भाऊजी,

ताट झाकून ठेवलंय, पण जेवत बसू नका, आधी मागच्या दाराने निघा. हे घरी असले की तुम्ही आत येऊ नये म्हणून मी दोरीवर लाल टॉवेल टाकते, ही आपली खूण यांना कळली. गोऱ्यांच्या पोलिसात यांनी बारा वर्षं काढलीत, कळणारच होती. आज ड्यूटीवर निघताना यांनीच टॉवेल काढून पिशवीत घातला आणि मला पोरांसकट माहेरी जायला सांगितलं. "धाकट्याला पोटभर जेवू दे," एवढंच म्हणाले. ही भावाची माया की फौजदाराचा सापळा, नऊ वर्षं संसार करूनही मला ओळखता येईना. गाडी दारात उभी आहे. तुम्हाला बाहेरच्या बाहेर अडवायला दुसरी खूण आपण कधी ठरवलीच नाही. ही चिठ्ठी वाचताय, म्हणजे आत आलातच.

– वहिनी